आव्याची ऊब

हेमंतातल्या पहाटे कृष्णा धुकं पांघरून निजलेली असते. मंद, मौन, मोतिया. पैलतीरावरचा ऊस दिसत नाही. त्याची सळसळ तेवढी पाण्यावरून चालत येते. आकाश आणि नदी यांच्यामधली रेषा कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकलेली असते, आणि त्या पुसट, दुधाळ, दंवभिजल्या उजेडात घाटाच्या पायऱ्या एकेक करून वर येतात.

पायऱ्या संपतात तिथं कुंभारवाडा. तिथली माती तांबडी, तिथल्या भिंती काजळलेल्या, तिथला वारा धुराच्या वासाचा. प्रत्येक अंगणात एक आवा: शेणी, उसाचं पाचट आणि कच्ची भांडी यांचे थरावर थर रचून मडकी भाजायची मातीची गोल भट्टी. रात्रभर धुमसून निवत आलेला आवा सकाळी कोमट असतो, नुकत्याच उठवलेल्या बाळाच्या अंगासारखा.

त्या उबेला मांजरं येतात.

राखेच्या मऊ, मायाळू कुशीतून ती अंग झाडत उठतात. एक हळदीसारखं पिवळं. एक काजळासारखं काळं. एक पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या ठिगळांचं, जणू एखादी गोधडीच पाय फुटून चालू लागली आहे. आणि सगळ्यांच्या मागून ती, राखेच्याच रंगाची, राखेतून वेगळी न दिसणारी, फक्त दोन हिरव्या डोळ्यांनी ओळखू येणारी भाटी, म्हणजे मांजरी.

ही मांजरं कुणाची नव्हती. त्यांना नावं नव्हती, त्यांच्यासाठी कुणाचं दार उघडत नव्हतं. माणसाची सावली पडली की ती भिंतीवर, भिंतीवरून कौलांवर, कौलांवरून आभाळात विरून जावीत तशी नाहीशी होत. राखेच्या रंगाच्या भाटीला तेवढं रत्नाक्का ‘राखी’ म्हणे, तेही लांबूनच.

रत्नाक्का आणि येसबा. कृष्णाकाठच्या मातीत आयुष्यभर हात भिजलेली दोन माणसं. येसबाच्या चाकावर माती अशी वर चढे की जणू तिलाच घट व्हायची घाई झाली आहे. रत्नाक्का त्या घटांना थापटून थापटून गोलाई देई, उन्हात वाळवी, आवा रची. आणि आवा पेटवायचा मान येसबाचा. त्याच्या बापाचा, आज्याचा, पणज्याचा होता तसा.

पण दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी तो मान त्यानं सोडून दिला.

त्या संध्याकाळी आवा पेटला, धूर चढला, आणि ज्वाळांच्या आतून एक आवाज आला. बारीक. रेशमाचा धागा तुटावा इतका बारीक. येसबानं विस्तवात हात घातला. शेणी उपसल्या, मडकी भिरकावली, जळतं पाचट उघड्या हातांनी ओढलं. रत्नाक्का ओरडत राहिली, तो खोदत राहिला. आवा थंड, कोरडा, काळोखा असताना राखीनं त्यात पिल्लं घातली होती, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हाती आलं ते उशिरा आलं.

त्यानंतर विस्तव रत्नाक्काच लावी. येसबा त्या वेळी नदीवर जाऊन बसे. रात्री त्याला झोप नसे. कौलांवर मांजराचं पिल्लू रडलं, तरी तो उठून अंगणात येई, आव्याच्या कडेला कान लावून उभा राही.

मांजरं मात्र येतच राहिली. उन्हाळ्यात पिल्लं, पावसाळ्यात पिल्लं, थंडीत पिल्लं. काही कुत्र्यांनी नेली, काही रस्त्यावर चिरडली, काही उपासानं सुकून पाचटात मिटली. कुणी म्हणालं, पोत्यात घालून नदीपल्याड सोडा. एकानं सोडलीही. महिनाभरात रिकाम्या जागी दुसरी मांजरं आली, आणि पुन्हा पिल्लं, आणि पुन्हा येसबाचा आव्याला लावलेला कान.

*

दिवाळीच्या पणत्या विकून संपल्या, कार्तिक उतरणीला लागला, तेव्हा एका सकाळी वाड्यात एक स्कूटर येऊन थांबली. काळसर ओढणी, कमरेला मोजपट्टी अडकवलेलीच राहून गेलेली, चाळिशीतली एक बाई उतरली. निलोफर मुजावर. बाजारपेठेमागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं.

तिला परळ हवे होते. मातीचे, उथळ, रुंद तोंडाचे. पुष्कळ.

“एवढं कशाला लागत्यात?” रत्नाक्कानं विचारलं.

“मांजरांना खायला-प्यायला ठेवायला.”

“मग आमची बी घिऊन जा की बाई. फुकट देतो.”

निलोफर हसली. हसताना तिची नजर कौलांवर गेली होती. तिथं बसलेली मांजरं तिच्याआधीच तिला निरखत होती. “नेते, अक्का. पण परत आणून सोडते.”

मग अंगणातल्या ओट्यावर बसून, चहाचा कप हातात धरून तिनं सांगितलं. तिच्या दुकानाच्या पायरीवर एक मांजरी अडली होती, पिल्लं पोटात राहून गेली होती. मिरजेच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे ती तिला घेऊन गेली, पण उशीर झाला होता. ते डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आधी आण. तेव्हापासून ती आधी नेते. पिंजऱ्यात धरायचं, ऑपरेशन करायचं, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक किंचित कापायचं, जखम भरली की जिथून आणलं तिथंच सोडायचं. मग रोज खाणं-पाणी, रोज नजर.

“परत कशाला सोडायचं?” रत्नाक्काला उमगेना.

“इथं ऊब आहे, उंदीर आहेत, आडोसा आहे. ही गेली तर दुसरी येणार. हीच राहू देत. फक्त वाढू नयेत.”

रत्नाक्कानं हातातला परळ उगीच फिरवला. मग जे मनात होतं ते बोलली. “आईपण काढून घ्यायचं. पाप न्हाई व्हय ते?”

“मला नाही सांगता येत, अक्का. रात्री मीही विचार करते.” निलोफरनं कप खाली ठेवला. “पण ह्या वाड्यात जन्मलेली किती पिल्लं तुम्ही मोठी झालेली बघितली?”

चाक थांबलं होतं. येसबा, जो इतका वेळ पाठमोरा चाकाशी बसला होता, त्यानं मान न वळवता विचारलं, “कवा सुरू करायचं?”

*

मार्गशीर्ष आला. शेवंती पिवळी झाली, ऊस तुऱ्यावर आला, सकाळी बोलणाऱ्यांच्या तोंडातून शब्दांआधी वाफ निघू लागली.

रोज एकाच वेळी, एकाच जागी, निलोफर परळ मांडी. भाताला सुकटीचा वास लावलेला. मांजरं आधी ती गेल्यावर येत. मग ती दूर असताना. मग ती ओट्यावर बसलेली असतानाही. भूक आणि भय यांच्यामधला तो अरुंद, अदृश्य पूल मांजरं पावलापावलानं ओलांडत राहिली, आणि घाई कुणीच केली नाही.

मग परळ पिंजऱ्यात सरकले. दार दोरीनं बांधून उघडं ठेवलेलं. पिंजऱ्यात जेवायचं आणि निवांत बाहेर पडायचं, ही सवय लागली. आणि एका सकाळी, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या वाड्यात, सुकटीच्या दरवळात, दोरी सुटलेली होती.

खट्.

हळदीच्या रंगाचा बोका पिंजऱ्यात उसळला, आपटला, वादळ कोंडावं तसा घोंघावला. निलोफरनं वरून कापड टाकलं. तिनं स्वतः शिवलेलं, चारी बाजूंनी झालर असलेलं, गडद निळं. त्या निळ्या अंधारात वादळ निवलं. श्वास उरला, भेदरलेला, पण निवता.

“अंधार पडला की त्यांना वाटतं लपलो,” ती हलकेच म्हणाली. येसबानं त्या कापडाकडे बराच वेळ पाहिलं.

अशी एकेक करून ती गेली आणि एकेक करून परतली. काजळकाळी गेली. गोधडी गेली. तिच्या दोन वयात आलेल्या लेकी गेल्या. परतताना प्रत्येकाच्या डाव्या कानाचं टोक सपाट, जणू चंद्राची कोर कुणी नखानं खुडून घेतली. दार उघडलं की ती बाणासारखी सुटत आणि संध्याकाळी परळापाशी हजर होत.

राखी मात्र आली नाही. पिंजऱ्याच्या तोंडाशी बसे, वास घेई, हिरवे डोळे मिटून उघडी, आणि उठून जाई. तिचं पोट जड दिसू लागलं होतं. विश्वास या वस्तूशी तिचा जुना हिशेब होता, आणि तो विस्तवानं लिहिलेला होता.

*

पौष. संक्रांत तोंडावर. वाड्यात सुगडांची दाटी, छोटी, गोंडस, ओठ मुडपलेली सुगडं, सुवासिनींच्या हातांची वाट पाहणारी. येसबा-रत्नाक्कांचा आवा काठोकाठ रचून झाला. वर पाचट पसरलं, फक्त राखेचं लिंपण राहिलं होतं. सकाळी व्यापाऱ्याची गाडी सुगडं न्यायला येणार होती.

सूर्य उसामागे कलला. पश्चिमा केशरी, मग कुंकवाची, मग जांभळाच्या सालीची झाली. रत्नाक्का खापरीत निखारे घेऊन आली. येसबा नदीकडे निघाला होता, वाटेत थांबला.

“राखी दिसली का ग?”

“परवापास्नं न्हाई.”

“खायला?”

“न्हाई आली.”

तो परत फिरला. आव्याला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. तरी त्यानं वरचं पाचट बाजूला सारलं आणि पहिलं सुगड उचललं.

“आवो, काय करताय?” रत्नाक्काचा आवाज चढला. “सकाळच्याला गाडी यील. रचायला आख्खा दिस गेलाय माजा.”

त्यानं दुसरं उचललं. तिसरं. कच्ची भांडी, जोरात धरली तर बोटांत भुगा व्हावीत अशी, तो फुलं खुडावीत तशी उचलत राहिला, अंगणात मांडत राहिला. त्याच्या पाठीकडे बघता बघता रत्नाक्काचा राग ओसरला. तिनं निखाऱ्यांची खापरी दूर, भिंतीशी ठेवली, पदर खोचला, आणि पलीकडच्या बाजूनं ती सुगडं उतरवू लागली. थरामागून थर उतरला. अंधुकत्या अंगणात सुगडांची रांग वाढत गेली.

परवाच अंथरून ठेवलेल्या तळाच्या पाचटात हात गेला आणि फिस्कारा आला. पाठोपाठ एक पंजा, आणि येसबाच्या मनगटावर रक्ताच्या तीन रेघा.

तो मागे सरकला नाही. वाकून पाहिलं. दोन हिरव्या ठिणग्या, आणि त्यांच्याखाली मिटलेल्या डोळ्यांचे, मुठीएवढे, दूध ओढणारे चार जीव.

“हाय,” तो म्हणाला. “समदी जित्ती हायती.”

मग तो आव्याच्या कडेला, राखेतच बसला, आणि त्याचे खांदे हलू लागले. दोन वर्षं कोरडं राहिलेलं काहीतरी त्याच्या डोळ्यांतून वाहू लागलं. रत्नाक्का त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याचं मनगट आपल्या पदरानं बांधलं, आणि हात तसाच हातात राहू दिला.

निलोफरला फोन गेला. ती म्हणाली, हात लावू नका, हलवू नका, खाणं-पाणी जवळ ठेवा, पिल्लं खायला लागली की मी आहे.

मग त्या आव्याचं बाळंतघर झालं. शेजारच्या भावकीनं आपला आवा रिकामा करून दिला. कुणी शेणी आणल्या, कुणी पाचट आणलं, बायका ओट्यावरून सुगडं हातोहात देत गेल्या. नव्यानं रचायला दुसरा दिवस गेला. व्यापारी कुरकुरला, गाडी उभी ठेवून चहा प्यायला, मग राखीला लांबून पाहून आला आणि कुरकुरायचा थांबला. संक्रांतीला घराघरांत सुगडं पुजली गेली. उसाचे करवे, बोरं, गाजरं, तीळ भरून भरून.

*

माघाचं ऊन सोनसळी, सुखद, शेवरीच्या कापसासारखं हलकं. पिल्लांचे डोळे उघडले. आधी निळे, मग हिरवट. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. राखीनं एकही दाखवलं नाही. ज्या राखेनं तिचं सारं नेलं होतं, त्याच राखेत ती या खेपेला निर्धास्त पसरली, आणि पिल्लं तिच्या पोटावर नाचली.

पिल्लं परळातलं खाऊ लागली तशी निलोफर आली. पिल्लांना तिनं आधी उचललं, ओढणीत गुंडाळलं, पिंजऱ्यामागच्या छोट्या पेटीत ठेवलं. त्यांची हाक ऐकून, पायापायानं, थांबत थांबत, राखी आत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

खट्.

ती उसळली नाही. दाराकडे पाठ करून, जाळीपलीकडच्या पिल्लांना अंगाची आड करून बसली. निलोफरनं कापड हाती घेतलं, तेवढ्यात रत्नाक्का म्हणाली, “जरा थांब बाई.”

ती पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली. चेहरा जाळीजवळ नेला. एका आईनं दुसरीला गुपित सांगावं, तशा स्वरात बोलली.

“माजंबी झालंय आपरेशन. तिसऱ्या पोरानंतर. लई भ्याले हुते. पर आट दिस मला कुणी घागर उचलू दिली न्हाई, भाकरी थापू दिली न्हाई. जल्मात पयल्यांदा पाठ टेकून आढ्याकडं बगितलं म्या.” ती थोडं थांबली. “लई झालं तुजं, राखे. आता तूबी जरा पाठ टेक.”

हिरवे डोळे मिटले, उघडले. रत्नाक्कानं स्वतःच्या हातानं निळं कापड वरून सोडलं, आणि झालरीची टोकं सारखी केली, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी. पाप-पुण्याचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

पिल्लांना घरं मिळाली. दोन जोडीनं मिरजेच्या एका शिक्षिकेकडे गेली. एक निलोफरच्या दुकानात, चिंध्यांच्या ढिगावर राज्य करू लागलं. चौथं, सगळ्यांत बारीक, सगळ्यांत धीट, सुगडांच्या व्यापाऱ्यानं मागून नेलं.

राखी जखम भरून परतली तेव्हा दार येसबानं उघडलं. ती निघाली, अंगणातून, भिंतीवरून, कौलांवर. राखाडी धुराची एक लकेर वाऱ्यावर जावी तशी. तिनं वळून पाहिलं नाही. येसबा मात्र हात जोडून उभा होता. कुणाला जोडले होते ते हात, कुणी विचारलं नाही.

दिवेलागणीला ती परळापाशी आली. जेवली. आणि येसबापासून हातभर अंतरावर बसून पंजा चाटू लागली.

*

मग फाल्गुन. पांगाऱ्यानं पानं टाकली आणि अंगभर लाल पेटला. कृष्णेचं पाणी उतरलं, वाळूची पाठ उघडी पडली, दुपारी वारा तापू लागला. तहानेचे दिवस जवळ आले. वाड्यात माठ घडू लागले, पोटुशे, गंभीर, गारव्याची वाट पाहणारे माठ.

माठांचा आवा रचून झाला. संध्याकाळी येसबानं काठीनं चारी बाजूंनी आवा ठोकला, तो सवयीनं. आत कुणी लेकुरवाळी असायचं भय उरलं नव्हतं. सगळी मांजरं समोर भिंतीवर ओळीनं बसली होती, सपाट कानांची, गुबगुबीत, आळसावलेली. त्यानं सगळी नजरेत घेतली.

मग रत्नाक्कापुढं हात केला. “आण ती खापरी.”

तिनं निखारे दिले.

येसबानं आवा पेटवला. आधी एक पिवळी जीभ, मग अनेक. मग पाचटाची तडतड, मग शेणींचं खोल, संथ, सुखाचं धुमसणं. धूर सरळ वर गेला. येसबा नदीवर गेला नाही. तो ओट्यावर बसून आग पाहत राहिला, आणि तिथंच, बसल्या बसल्या, त्याचा डोळा लागला.

निलोफर तेव्हाच आली होती. धोब्यांच्या गल्लीत नवं काम काढलं होतं, तिला आणखी परळ हवे होते. रत्नाक्कानं ओठांवर बोट ठेवलं, तिला परसात नेलं, आणि तिचे दोन्ही हात आपल्या मातीनं खरखरीत झालेल्या हातांत घेतले.

“ह्यांची झोप परत आणलीस बाई तू.”

निलोफरनं ते हात घट्ट धरले. मग म्हणाली, “येसबामामांनी त्या दिवशी आवा उतरवला नसता, तर मी काय आणणार होते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, माठ निवेपर्यंत काही काम नव्हतं. येसबानं धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत शिवणकामाच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिला.

“तू एकलीच धरतीस पिंजरं,” तो म्हणाला. “स्कूटरवर हिंदकळत्यात. म्या येतो मागं बसून.”

त्या दुपारी धोब्यांच्या गल्लीतून एक स्कूटर मिरजेच्या डॉक्टरांकडे निघाली. पुढं काळसर ओढणी. मागं पांढरा पटका. दोघांच्या मध्ये, येसबाच्या मांडीवर, निळ्या कापडाखाली, एक अनोळखी मांजर.

रस्ता खड्ड्यांचा होता. निलोफर जपून चालवत होती. दोन्ही तीरांवर पांगारा फुलला होता, उन्हात नदी चकाकत होती, वाऱ्यावर झालर फडफडत होती. आणि तो म्हातारा कुंभार दोन्ही तळहातांच्या ओंजळीत तो पिंजरा तोलून धरत होता, चाकावरून नुकतंच उतरवलेलं ओलं मडकं धरावं तसा. अलगद. अचल. खड्डा आला की श्वास रोखून, खड्डा गेला की श्वास सोडून, ओलं, कच्चं, जिवंत असं काहीतरी तो पुलावरून पैलतीराकडे घेऊन चालला होता.